सॅकचं वजन

शिट्टी नारिंगी होती, अंगठ्याएवढी, आणि आत एक मणी हलत होता… तो मणीच अडकला तर? तिने शिट्टी पुन्हा कानाशी धरून हलवली. वाजवून पाहायचा धीर झाला नाही. शेजारच्या खोलीत नवरा नवे बूट घालून फेऱ्या मारत होता. बायपासनंतरचा त्याचा हा पहिला डोंगर. उद्या तो जुन्या मित्रांबरोबर जाणार होता, तिच्याशिवाय. डॉक्टर हो म्हणाले होते. डॉक्टरांचं काय जातं…

ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून तिची उभी हयात गेली होती. सवयीने तिने पलंगावर चादर पसरून सामान ओळीने मांडलं होतं—डोक्याला बांधायचा दिवा, क्रेप बँडेज, रेनकोट, साखर-मिठाची पुडी, दोरी—आणि थिएटरातल्या निर्जंतुक अवजारांसारखी एकेक वस्तू पाकिटात घालून, कडा चिकटवून, वर तारीख टाकली होती. उघडं काही ठेवायचं नाही. शिट्टीही तशीच बंद झाली.

तो दारात येऊन उभा राहिला.

"अगं, मी दरीत पडलो तर शिट्टी वाजवायला आधी कात्री शोधू का?"

"जिभेला काही हाड?"

"आणि माझा माउथ ऑर्गन?"

"काढला. उगाच वजन."

"बरं. आणि ही दोरी? बांधून वर ओढणार आहेत का मला?"

तो हसत गेला. ती ओशाळली, पाकीट फाडून शिट्टी तिने सॅकच्या पट्ट्याला बांधली, बाकीचं सगळं आत भरलं. मग न राहवून सॅक स्वतःच्या पाठीवर चढवली, आणि पट्टे खांद्यात रुतले. म्हणजे आपल्या एकेका भीतीचं वजन उद्या त्याच्याच छातीवर… सॅक उतरवून तिने दोरी काढली. दोरी नसलेला कडा दिसला. रेनकोट काढला, तर तो भिजून कुडकुडताना दिसला. दोन्ही परत आत गेलं.

आजारपणापासून तो झोपला की ती त्याचं मनगट हळूच धरायची. मागे एकदा डोळे न उघडताच तो म्हणाला होता, "आहे अजून." तेव्हा ती हसली होती. आता तोच आवाज नीट ऐकू आला—त्यात थट्टा नव्हती, थकवा होता. त्याला डोंगर नकोच आहे कदाचित… त्याला एक दिवस हवाय, ज्यात कुणी नाडी धरणार नाही.

सॅक पुन्हा पाठीवर घेऊन ती पलंगाच्या कडेवर बसली. उद्या तो पडला तर, ही भीती ओळखीची होती. त्या भीतीसाठी सॅकमध्ये काय काय भरायचं ते तिला ठाऊक होतं. पण तो धडधाकट परत आला तर—आणि रात्री त्याने हात पांघरुणात ओढून घेतला तर—मग या बोटांनी काय करायचं?