म्हात्र्यांचा फोन कोण उचलतं

"नीलम, आपला रिसर्च पेपर आज संध्याकाळी जर्नलला पाठवायचाय. आता नवीन शंका नको," डॉक्टर रोहित म्हणाले.

शंका घेणं हा नीलमचा जुनाच आजार होता. शांती नगरच्या भाजीवाल्यापासून सख्ख्या जावेपर्यंत तिने कुणाला सोडलं नव्हतं. मीरा रोडच्या त्या इस्पितळात डॉक्टरांनी एक कॉम्प्युटर मॉडेल बसवलं होतं. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांपैकी वर्षभरात कुणाच्या जिवाला धोका, ते सांगणारं. घरी गेलेल्या पेशंटांची वर्षाने फोनवर चौकशी करायचं काम नीलमचं. पेपरावर तिचंही नाव लागणार होतं, आयुष्यात पहिल्यांदा.

"सर, मुर्धा गावचे बबन म्हात्रे घ्या. किती सिरियस होते! असे कितीतरी, आणि सगळे ठणठणीत? कुठंतरी पाणी मुरतंय."

"फोन तूच केलेस ना? त्यावरूनच मॉडेल शिकलं, अशा पेशंटांना धोका कमी. 'प्रत्येक पेशंटशी बोलून खात्री केली' असं लिहिलंय आपण. उद्या दुसरी इस्पितळंही हे वापरतील."

म्हणजे उद्या असाच माणूस आला, की मशीन त्याला बिनधास्त घरी धाडणार. आकड्यांत डॉक्टरांनीच फेरफार केलाय, असं नीलमच्या मनाने घेतलं. दुपारी रिक्षा करून तिने थेट मुर्धा गाठलं.

बबनची बायको हंसा दारात मासळी वाळत घालत होती.

"काकी, बबनकाका आहेत?"

"ते न्हाय आता. गनपतीच्या आधीच गेले."

"अहो, पण दिवाळीनंतर मी फोन केला होता! 'तबियत ठीक है?' विचारलं, तर 'ठीक है' म्हणाले."

"तो माझा पोरगा आसंल. बापाचा फोन तोच वापरतो. ग्यास, आधार, समदा त्याच नंबरावर हाय, बंद कसा करनार? त्याला वाटला, त्याचीच तब्येत इचारतंय कोनतरी."

फोन भराभर उरकायचे म्हणून नीलम कधी नावच विचारत नसे. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या या बाईने परक्या आवाजांवर मात्र डोळे झाकून विश्वास टाकला होता. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली. तिथूनच तिने डॉक्टरांना फोन लावला.

"सर, पेपर थांबवा. म्हात्रे वारलेत. फोनवर त्यांचा मुलगा होता."

"अगं, एका माणसाने काय बिघडतं?"

"एकच कशावरून? मी कुणालाच नाव विचारलेलं नाही. तसं पेपरात लिहा. नाहीतर माझं नाव काढा."

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले, "तुझं नाव काढतो."

फोन बंद झाला. हंसा मासळी सोडून तिच्याकडेच बघत होती.

"आता तरी लिवतील ना, ते गेले म्हनून?"

खोटं बोलणं नीलमला जमेना. तिने मान हलवली, "नाही, काकी."

"म्हंजे तुमच्या कागदात ते आजून ठनठनीतच हायेत," हंसा म्हणाली, आणि पाहुणीला पाणी आणायला आत गेली.