कोंडा म्हशीला

कृष्णी रडत होती आणि घरात कुणालाच ऐकू येत नव्हतं.

तोंड उघडलेलं, कपाळ आक्रसलेलं, मुठी वळलेल्या. पण गळ्यातून निघत होता तो नुसता वारा. रंभा भिंत सारवता सारवता शेणाच्या हातानं पुन्हापुन्हा पाळण्याशी यायची. इतर आयांचा कामात असतानाही एक कान पोराकडे असतो. पोरीला आवाजच नाही तर हिच्या कानांचा उपयोग काय, म्हणून डोळेच सारखे पाळण्यात. जरा पाठ फिरली की वाटायचं, आत्ता रडत असेल. येऊन बघावं तर खरंच रडत असायची. घेतली की दोन घोट प्यायची, धापा टाकायची, ओकायची.

बारशाला हीच पोर अशी ओरडली होती की रिहे गावाच्या वरच्या आळीला कळावं. आता तिसरा महिना सरत आला होता, आणि आवाज कुठं गेला तो गेलाच.

"नजर हाय," गोजराबाई म्हणाली. "मंगळवारी उतारा टाकू."

"आत्याबाय, मंगळवारपातुर..." रंभा पाळण्याकडे बघत म्हणाली.

गोजराबाई सासू, पण रंभाला आई नव्हती म्हणून बाळंतपण तिनंच केलं होतं. आणि कसं! स्वतःच्या वेळी तिला बाराव्या दिवशी उखळाशी बसवलं होतं. तेव्हापासून कंबर धरली ती सुटलीच नाही. "माझ्या सुनंनं मुसळाला हात लावायचा न्हाई," असं तिनं तेव्हाच मनाशी ठरवून टाकलेलं. पौडला भाताची गिरणी आली तेव्हा तिला देवच भेटल्यासारखं झालं. बाळंतिणीचे तांदूळ ती गिरणीतून दोनदा काढून आणवायची. दाणा कसा, पांढरा फेक. मग तो तीन पाण्यांनी धुवायचा, भरपूर पाण्यात शिजवायचा, पेज ओतून काढायची. डाळ वातूळ, भाजीनं पोराला ढाळ, बाजरी उष्ण; म्हणून नुसता पांढरा भात, वर तूप, मीठ आणि भाजलेला लसूण. सव्वा महिना कधीच उलटला होता, तरी हे पथ्य सुटलं नव्हतं. कोंडा आणि पेज म्हशीला. रेडकू गोठ्यात तुकतुकत होतं.

रंभाच्या पायांना मात्र मुंग्या यायच्या. बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. जोडवी सुजेत रुतली होती. पण आपल्या पायांचं काय घेऊन बसायचं?

डोंगरावरच्या वाडीतली पारू कामाला यायची. तिचंही तान्हं पाठीशी बांधलेलं. ते भुकेनं असं किंचाळलं की रेडकू दचकलं.

"आरं गप की मेल्या!" पारू ओशाळून म्हणाली. "लई बोंबलतंय बगा वैनी, जीव नकोसा करतंय."

रंभानं तिच्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. जीव नकोसा करणारी पोर कुणाच्या नशिबी!

तेवढ्यात कुशाबा गडी भाताची पोती गाडीत भरताना दिसला. गाडी गिरणीला, म्हणजे पौडला चालली होती. पौडला दवाखाना होता. नवरा पुण्याला तांदूळ घालायला गेलेला, विचारायचं कुणाला? रंभानं हात धुतले, कृष्णीला लुगड्याच्या पदरात गुंडाळलं आणि चाकावर पाय देऊन थेट पोत्यांवर जाऊन बसली.

"आगं ए! कुटं निगाली?"

"दवाखान्यात."

"पोरीला वारं लागंल! उतर खाली!"

"न्हाई उतरत, आत्याबाय. मंगळवारपातुर न्हाई थांबत."

या घरात आल्यापासून रंभा असं पहिल्यांदाच बोलली. गोजराबाईनं तोंडाला पदर लावला, आत गेली, घोंगडी घेऊन आली आणि कंबर धरत स्वतःही वर चढली. "सरक तिकडं," म्हणाली. "कुशाबा, दगडधोंडे बगून हाक."

डॉक्टरनं कृष्णीच्या छातीला नळी लावली तेव्हा त्याचा चेहरा बदललेला रंभाला दिसला. तिचेही पाय त्यानं दाबून पाहिले. बोट उचललं तरी खड्डा तसाच.

"बाई काय खाते?"

गोजराबाई मोठ्या तोऱ्यात सांगू लागली. दोनदा गिरणीतून काढलेला, तीन पाण्यांनी धुतलेला. डॉक्टर ऐकत ऐकत सुई भरत होता.

"आजी, तांदळाच्या वरच्या सालीत एक जीवनसत्त्व असतं. बी व्हिटॅमिन. नसा, काळीज त्याच्यावर चालतं. ते गिरणीत गेलं, धुण्यात गेलं, उरलं ते पेजेत गेलं. डाळ नाही, भाजी नाही. मग आईच्या दुधात ते येणार कुठून? बेरीबेरी म्हणतात याला. आणखी थोडे दिवस गेले असते तर पोरीचं काळीजच थांबलं असतं. असला भात कुणी चालू केला?"

"मलाच जाडा भात गिळवंना," रंभा पटकन म्हणाली.

"खोटं बोलतीया ती," गोजराबाई म्हणाली. "म्या घातला. माज्या हातानं." मग तिनं हळूच विचारलं, "म्हंजी... ते काय म्हनला ते... सगळं कोंड्यात गेलं?"

"सगळं नाही. पण बरंचसं."

"म्हशीला चारलं व्हय म्या."

सुई टोचली तेव्हाही कृष्णी मुक्यानंच रडली. डॉक्टरनं ऊन कलेपर्यंत ओटीवर बसवून ठेवलं. रंभा पोरीची छाती बघत राहिली. भात्यासारखी हलणारी ती छाती जरा सावकाश झाल्यासारखी वाटली; वाटली आणि पुन्हा वाटेना. रंभा उठली, फिरली, बसली, परत उठली. शेवटी डॉक्टरनं पुन्हा नळी लावून मान डोलावली. आईला गोळ्या दिल्या, पोरीला उद्या परत आणायला बजावलं.

गिरणीवर पोती रांगेत लागली होती. गोजराबाई तरातरा गेली. "कुशाबा, पोती उचल. घाल गाडीत."

"आवो, नंबर आलाय की!" गिरणीवाला म्हणाला. "आता काय घरी कांडत बसता?"

"व्हय, बसते. तुला कंबर दुखतीय का माजी?"

गाडी परत निघाली. पोत्यांवर दोघी, मधे कृष्णी. रंभाचे डोळे पोरीच्या तोंडावरून हलत नव्हते. ओढा ओलांडला तसं कृष्णीनं तोंड उघडलं, कपाळ आक्रसलं.

"वैनी," कुशाबा पुढूनच म्हणाला, "वंगण संपलं वाटतं. चाक कुईकुई करतंय बगा."

रंभानं कान पोरीच्या तोंडाशी नेला. पुन्हा तो आवाज आला. बारीक, घोगरा, रागावलेला.

"चाक न्हवं रं मुडद्या," गोजराबाई म्हणाली, आणि तिचाच आवाज फुटला. "नात हाय माजी. बैल थांबव जरा. ऐकू दे."