बाजार उठेपर्यंत

सावली गावच्या वैद्याने कुंताच्या दुखण्यापुढे हात टेकले, तेव्हापासून तिला एकच घोर लागला होता. नवरा आधीच गेलेला. दहा वर्षांच्या लेकीला, गोकुळाला, मासे धरून विकणाऱ्या ढिवराच्या घरची विद्या आता द्यायची कोणी? मग कुंता अंथरुणावर पडल्या पडल्याच शिकवू लागली. पळसाच्या पानावर झिंग्यांचे सारखे वाटे कसे लावायचे, नुकत्याच निघालेल्या नव्या पैशांत दोन आण्यांचे बारा कसे मोजून घ्यायचे. पोरगी चुणचुणीत, पण मनाची मऊ. कोणी डोळ्यांत पाणी आणलं की फुकट देऊन मोकळी!

"बाजारात कोणी कोणाचं नाई, पोरी," कुंता बजावायची. "बाजार उठाले आला का लोक येतात. म्हणतात, तुही माय मरून राह्यली, दे सारं अर्ध्या भावात अन् पळ. मले असंच फसवलं होतं. धावत घरी गेली, त माही माय चुलीपाशी भात रांधत होती!"

लोक तरी काय एकेक नग असतात.

"मंग काय कराचं?"

"हासाचं. वाटे सरल्याबिगर उठाचं नाई."

हे तिने पोरीकडून दहादा घोकून घेतलं.

त्या सोमवारी गोकुळा पहिल्यांदाच एकटी बाजारात गेली. दुपारी कुंताला धाप लागली. आज काही आपण निभत नाही, हे तिला कळून चुकलं. एकदा लेकीचं तोंड पाहायचं, एवढीच इच्छा उरली. तिने शेजारच्या रुखमाबाईला बाजारात पिटाळलं.

रुखमाबाई परतली ती एकटीच.

"नाई आली वं. म्या म्हटलं, तुही माय चालली, तू जाय, वाटे मी विकतो. त हासली! म्हणते, मावशी, मले ठाऊक हाये. पाच वाटे राह्यले, सरले का येतो."

"तू रडली काऊन नाई तिच्यापुढं?"

"रडली ना! त म्हणते, माय सांगते, लोक रडूनबी दाखवतात."

कुंताला हसू आलं, आणि पाठोपाठ रडू कोसळलं. पोरीला आता कोणी लुबाडणार नव्हतं. पण सगळं शिकवताना, कधीतरी निरोप खराही असतो, एवढं सांगायचं राहून गेलं होतं. काळीज फाटलं तिचं. दाराकडे तोंड करून ती पुटपुटत राहिली, "घेऊन टाका रे कोणी. पाचही घेऊन टाका."

उन्हं उतरायच्या आतच तिचा श्वास थांबला. गोकुळाचे तेव्हा दोन वाटे विकायचे होते.