एकोणिसावं चित्र

चित्र खिळ्याला अडकवून महिपत दोन पावलं मागे सरला आणि त्याच्या काळजात धस्स झालं.

मुरबाडच्या शाळेत तो बावीस वर्षं शिपाई होता. बेचाळीसच्या नाताळच्या सुट्टीत शाळेचा मोठा वर्ग मुंबईच्या चार चित्रकारांनी प्रदर्शनासाठी मागून घेतला होता. बॉम्बच्या भीतीने मुंबई सोडून नातेवाइकांकडे आलेली मंडळी. त्यांच्या चित्रांत ना माणूस, ना झाड, ना देव. नुसत्या रेघा, डाग, रंगांचे पट्टे. सकाळपासून महिपतने अठरा चित्रं टांगली होती. एकाचाही अर्थ लागला नव्हता. या एकोणिसाव्याचा मात्र लागला.

कोळशाच्या तीन उभ्या रेघा म्हणजे तीन उंबर. वळत गेलेली रेघ म्हणजे म्हसा गावावरच्या डोंगरातला ओढा. आणि डाव्या कोपऱ्यातला शाईचा ठिपका म्हणजे ती कपार. तिथे त्याचा धाकटा भाऊ नामा दीड महिना लपून होता. विजेचे खांब पाडणाऱ्यांत त्याचं नाव निघालं होतं.

चित्र त्या चौघांतल्या कमळाबाईंचं. पंधरा दिवसांपूर्वी त्यांना ओढा पाहायचा होता, तेव्हा हेडमास्तरांनी महिपतलाच सोबत धाडलं होतं. बाई खडकावर बसून रेघा ओढत होत्या आणि हा कपारीकडे पाठ करून उभा होता.

"बाई, ह्या नको लावूया."

"का हो? माझं सगळ्यात आवडतं आहे ते."

"भिंतीला ओल हाय."

बाई हसल्या. तेवढ्यात व्हरांड्यात बूट वाजले. बंदोबस्ताला आलेला नवा फौजदार दोन शिपाई घेऊन आत शिरला. एकेक चित्र पाहत तो एकोणिसाव्यापाशी थांबला आणि छडी कागदावर टेकवली.

"हा नकाशा आहे."

"नाही," कमळाबाई म्हणाल्या. "नुसत्या रेघा आहेत त्या."

"नुसत्या रेघा कोण काढतं?" तो महिपतकडे वळला. "तू इथलाच ना? सांग, कुठलं हे?"

महिपतने त्या रेघांकडे पुन्हा पाहिलं.

"सायब, मला तं आयच्या टाचा वाटतान. भाताच्या आवणीच्या चिखलात अशाच फुटायच्या."

"आणि हा डाग?"

"काटा रुतला व्हता. निघलाच नाय. त्यातच गेली ती."

आई त्याच दुखण्यात गेली होती, एवढं खरं होतं.

एक शिपाई फिसकन हसला. फौजदार हसला नाही. "उद्या जंगल खात्याचा माणूस आणतो. टाच आहे का डोंगर, तो सांगेल. चित्र जागचं हललं तर तुला आत टाकीन."

ते गेले आणि महिपत जमिनीवरच बसला. कमळाबाईंनी दार लोटलं.

"महिपतदादा, त्या दिवशी ओढ्यावर तुम्ही कपारीपुढून हलला नाहीत. कोण आहे तिथे?"

त्याचे डोळे भरून आले. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी शाईची बाटली आणि जाड कुंचला काढला.

"बाई, तुमचं आवडतं..."

"बाटली धरा."

त्याने बाटली दोन्ही हातांनी धरली. चित्र भिंतीवरच राहिलं आणि आधी ठिपका, मग ओढा, मग उंबर काळ्याखाली गेले.

दुसऱ्या दिवशी जंगल खात्याचा माणूस बराच वेळ समोर उभा राहिला. "सायब, ह्यात कायच नाय."

"कालचं कुठे आहे?" फौजदार ओरडला.

"हेच," बाई म्हणाल्या. "काल अपुरं होतं."

मुंबईच्या बाईंना हात लावता येईना, म्हणून त्याने महिपतला चौकीवर नेलं. दिवे लागेपर्यंत तिथे काय काय झालं ते महिपतने कधी कोणाला सांगितलं नाही. 'आयच्या टाचा' यापलीकडे त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. सोडलं तेव्हा तो भिंत धरून घरी आला.

मंगळवारी तो कसाबसा डोंगर चढला. कपार रिकामी होती. चुलीतली राख थंड होती. नामा निसटला की दुसऱ्याच कुणाच्या हाती लागला, हे त्याला कधीच कळलं नाही.

रविवारी प्रदर्शन आवरलं. बाकीची चित्रं गुंडाळून पेटीत गेली. काळ्या कागदावरची शाई मात्र हात लागला की सुटत होती, गुंडाळता येईना. महिपतने तो दोन्ही तळव्यांवर आडवा घेतला आणि लंगडत, भर बाजारातून, कल्याणच्या मोटारीपर्यंत नेला. लोक बाजूला होत होते. बाईंच्या मांडीवर कागद नीट ठेवून तो खाली उतरला. मोटार गेली. त्याचे दोन्ही तळवे काळे झाले होते. ते त्याने धोतराला पुसले नाहीत.