निनाईचा शिपाई

चैत्र लागला होता, आणि सातपुडा दमलेला दिसत होता.

पानगळ सरली होती, पालवी अजून अंगभर आली नव्हती. उघड्यावाघड्या सागांमधून ऊन थेट दगडांवर उतरत होतं. डोंगरामागे डोंगर, निळ्यामागे करडा, करड्यामागे धुरकट, आणि त्याही पलीकडे डोंगराचा नुसता भास. एखादा पळस तेवढा अजून पेटलेला. बाकी सारं रान राखेच्या रंगाचं, उष्ण, निःशब्द.

त्या रानातून एक वाट वर चढत होती, आणि त्या वाटेने सुभेदार महिपतराव साळुंखे चढत होते.

सत्तरी ओलांडलेला देह. गुडघ्यांत सरहद्दीवरच्या हिमाची जुनी कळ, छातीत भात्याची घरघर. काठीवर भार टाकून ते थांबत, श्वास गोळा करत, आणि पुन्हा पाऊल उचलत. पुढे बागुल गुरुजी चालले होते. याच डोंगरातल्या शाळांवर त्यांचा जन्म गेला होता.

"बसायचं का जरा, सुभेदार?"

"बसलो तर उठणार नाही, गुरुजी. चला."

साताऱ्याकडच्या निनाईवाडीत घरोघरी शिपाई. साळुंख्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक वाक्य चालत आलं होतं: खापरपणजोबा सखोजी कंपनी सरकारच्या पलटणीत होता, आणि सातपुड्यात लढता लढता पडला. कुठल्या डोंगरावर, कुठल्या नाल्याकाठी, कोणाशी लढता लढता, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. त्याची गरोदर बायको उत्तरेकडे तोंड करून रडली, आणि उत्तरेला कुठे, हे तिलाही ठाऊक नव्हतं. पण त्या एका वाक्याच्या आधारावर घर उभं राहिलं. पणजोबा पलटणीत गेले, आजोबा गेले, वडील गेले, महिपतरावही गेले.

आता गावाने वेशीवर कमान बांधायला घेतली होती. कमानीच्या माथ्यावर सखोजीचं नाव, नावाआधी ‘वीर’, नावाखाली तो पडला ते ठिकाण. ठिकाण तेवढं सापडत नव्हतं.

ते शोधता शोधता महिपतराव म्हातारे झाले. कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर बसले, जुन्या छावण्यांच्या ओसाड मैदानांत हिंडले, गोऱ्यांच्या दफनभूमींतून वाळक्या गवतात पाय ओढत फिरले. गोऱ्यांची नावं संगमरवरात होती. त्यांच्यामागून चाललेल्यांची मातीतही नव्हती. शोधाची उमेद केव्हाच आटून गेली. उरली ती सवय.

आणि मग बागुल गुरुजींचा फोन आला. आगगाडीत कधीकाळी झालेली ओळख, दिवाळीच्या शुभेच्छांपुरती टिकलेली. "सुभेदार, तुमची गावदेवी निनाईच ना? इथे वर एका पाड्यावर एक दगड पूजतात. त्याला निनाईचा शिपाई म्हणतात. आमच्या मुलखात निनाई कुठली? ती तुमच्याकडची."

म्हणून ही वाट, हे ऊन, हा चढ.

पाडा आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. कुडाच्या भिंती, कौलांवर वाळत घातलेली मोहाची फुलं, त्यांचा गोड, जड, झोपाळू दरवळ. ओट्यावर जात्रीबाई बसली होती. पाड्यातली सर्वांत म्हातारी. कातडी सुरकुतलेली, डोळे मात्र पाणवठ्यासारखे स्वच्छ. मराठी ती आठवडी बाजारात शिकलेली, मोजकी, टोकदार.

"तू त्याचा?" तिने विचारलं.

"त्याच्या नातवाचा नातू, माय."

तिने त्यांच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मग खाट पुढे सारली. "बस. थकला आहेस."

ते बसले. तांब्यातलं पाणी घशाखाली उतरलं. आणि जात्रीबाई सांगू लागली, तिच्या आजीने तिला सांगितलं होतं तसं, आजीला तिच्या आजीने सांगितलं होतं तसं. आवाज न चढवता. रडू न आणता.

"पलटण आली तेव्हा पुरुष डोंगरात लपलेले. पाड्यात बाया, म्हातारे, लेकरं. त्यांनी घरं पेटवली. सगळी. दाण्याच्या कणग्यापण. खेमी नाल्यावर पाण्याला गेलेली. तिचं लेकरू घरात, झोळीत."

महिपतरावांच्या हातातला तांब्या हातातच राहिला.

लढाई नव्हती. रणभेरी नव्हती, रणांगण नव्हतं. होते जळते कूड, जळतं धान्य, जळती झोळी. आणि ज्वाळांच्या उजेडात शिस्तीत उभी असलेली, हुकमाची वाट पाहणारी माणसं.

"पलटण गेली. एक मागे राहिला. ताप चढलेला, नाल्यात पडलेला. त्याच्याच लोकांनी टाकलेला. खेमीला दिसला. तिने धोंडा उचलला, हा एवढा. डोक्यात घालणार, तर तो म्हणाला, आये."

कौलांवर पाखरं फुलं टिपत होती. जात्रीबाईने हात हलवला, ती उडाली.

"तेवढा शब्द तिला समजला. कालपर्यंत कोणीतरी तिला हाक मारत होतं ना. तिने धोंडा टाकला. पाणी आणलं."

"जगला तो?"

"थोडे दिस. निनाई, निनाई म्हणत राहिला. खेमीला वाटलं, ही याची आय असेल. मग मेला."

वारा पडला. सारं रान श्वास धरून उभं असल्यागत. महिपतरावांच्या ओठांवर एक प्रश्न आला. तो विचारू नये असं त्यांना वाटत होतं, आणि विचारल्यावाचून राहवतही नव्हतं.

"माय, घरं... त्यानेच पेटवली होती का?"

"कोण सांगेल? सगळ्यांचे कपडे एकसारखे. खेमीने विचारलं नाही. तुला कशाला पाहिजे?"

उभा जन्म त्यांनी तेच एकसारखे कपडे घातले होते, इस्त्री करून, अभिमानाने. त्या कपड्यांच्या आत माणूस कसा वागतो, हे त्यांना ठाऊक होतं. आणि हुकूम सुटल्यावर रांगेतला एक हात खाली राहणं किती अवघड, हेही.

पाड्यामागे एका प्रचंड मोहाखाली पूर्वजांचे दगड होते. शेंदराचे, तेलाचे, काळवंडलेले, काळाने गोलावलेले. एका ओळीत, खांद्याला खांदा लावून. पहिला दगड अगदी लहान होता. तो कोणाचा, हे सांगावं लागलं नाही. ओळीच्या टोकाशी एक ओबडधोबड, उभट दगड.

"याला तुमच्याच ओळीत बसवलं?" महिपतरावांनी विचारलं.

"बाहेर ठेवला तर भटकेल. भटकला तर आमच्याच लेकरांना झपाटेल," जात्रीबाई म्हणाली. तिने पानाच्या द्रोणात मोहाची दारू ओतून त्यांच्या हाती दिली. "धार टाक. आधी यांना. मग तुझ्याला."

ते वाकले. गुडघे करकरले. लहान दगडावर पहिली धार पडली. मातीने ती चटकन शोषून घेतली. मग दुसऱ्या दगडावर, मग त्यापुढच्या. एकाही दगडाचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. ओठांवर मंत्र आला नाही, जयघोष आला नाही. सखोजीपाशी पोचेतो द्रोणात चार थेंब उरले होते. ते त्यांनी वाहिले, आणि तिथेच मातीत बसून राहिले. गुरुजींनी काखेत हात घालून उठवलं, तेव्हा उठले.

खाली उतरून जीपने परतताना घाटाचं तोंड आलं आणि फोन वाजला. पुतण्या होता, धैर्यशील.

"आबा, लागला का पत्ता? कारागीर खोळंबलेत."

"लागला. ‘वीर’ कोरू नका."

"म्हणजे? लढाईत नाही पडला तो?"

"तापाने गेला. त्याच्या पलटणीने एक पाडा जाळला, आणि त्याच पाड्यातल्या बाईने त्याला शेवटचं पाणी पाजलं. तिचं लेकरू त्या आगीत गेलं होतं."

"आबा, हे गावाला कसं सांगायचं? वर्गणी दिलीय लोकांनी. ऐकून नाही घ्यायचे."

"मी येतो आणि मी सांगतो. नाही घेतलं ऐकून, तर कमान तुमची तुम्हाला. सखोजीचं नाव मात्र उतरवायचं त्यावरून."

त्यांनी फोन ठेवला. गावात काय होणार, ते त्यांना आणि शेजारी बसलेल्या गुरुजींनाही दिसत होतं: चावडीवरचा गलका, भावकीची वळलेली तोंडं, कुणीतरी म्हटलेलं ‘म्हातारा चळला’.

सांजेला तापी लागली. महिपतरावांनी जीप थांबवायला सांगितली. बूट काढले, मोजे काढले, आणि सुजलेले पाय घेऊन ते पाण्यात उतरले. घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत.

पाणी दिवसभराच्या उन्हाने कोमट होतं, आणि संथ होतं. पैलतीरावर म्हशी काठ चढून घराकडे निघाल्या होत्या. पश्चिमेची लाली नदीत उतरली, लांबली, विरली. ते उभे राहिले, पायांखालची वाळू हळूहळू सरकत असताना उभे राहिले. आणि तापी त्यांच्या दोन्ही पायांना वळसा घालून, अंधारत, अंधारत, वाहत राहिली.