वासराच्या कातड्यावरचं गाव

"पाणी लावलं तर रंग सुटायची भीती आहे. नाही लावलं तर हा कधीच उघडणार नाही," मधुवंती म्हणाली. "तुम्ही सांगाल तसं करू."

टेबलापलीकडे मिस ॲशकोम बसल्या होत्या. मध्ये एक काळपट गुंडाळी होती, लाकडासारखी कडक. त्यांच्या घराण्याच्या इंग्लंडमधल्या जमिनीचा हा नकाशा चारशे वर्षांपूर्वी वासराच्या कातड्यावर काढलेला होता. घराण्याची बाकी कागदपत्रं तिकडच्या अभिलेखागारात गेली होती. जमीन विकली गेल्यावर वडिलांनी एवढाच तुकडा बरोबर घेतला आणि ते मलायात रबराच्या मळ्यावर नोकरीला आले. इथल्या दमट हवेत गुंडाळीचे पदर एकमेकांना चिकटून बसले.

मिस ॲशकोम मळ्यावरच जन्मल्या. आता त्या सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट भागात भाचीकडे राहत. नकाशा इंग्लंडला पाठवायचा त्यांनी ठरवलं होतं. त्याआधी एकदा पाहायचा होता आणि त्यांची नजर झपाट्याने जात होती.

"लावा पाणी," त्या म्हणाल्या.

मधुवंती पुण्याहून सिंगापूरच्या विद्यापीठात कातड्याच्या रसायनावर संशोधन करायला आली होती. तिने गुंडाळी बंद पेटीत जाळीवर ठेवली, खाली ओला टीपकागद. रोज नखाएवढा भाग सुटे. पासिर रिसच्या त्यांच्या फ्लॅटवर नवऱ्याने, चारुदत्तने, तिला विचारलं, की कुठल्या परक्या जमीनदाराच्या शेतांसाठी एवढा जीव का काढतेस? तिला तेव्हा फक्त रंगाची धास्ती होती.

रंग सुटले नाहीत. शेवटचा पदर उलगडला आणि मधुवंती पदर सोडवायची हातातली पट्टी खाली ठेवायची विसरली. कुरणं कालच रंगवल्यासारखी हिरवी होती. काढणाऱ्याने एकेक झाड वेगळं काढलं होतं. मोठ्या वाड्याला जेवढी निगुतीने कौलं, तेवढ्याच निगुतीने टोकाच्या एका झोपडीला गवत. धुराड्यातून धूरही निघत होता. शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, विधवा मार्जरी हिचं घर. मालकाचं तर नाव राहणारच. पण हीही राहिली होती.

तिने मिस ॲशकोमना बोलावलं. त्या बराच वेळ वाकून राहिल्या.

"मला फक्त हिरवं दिसतंय," शेवटी त्या म्हणाल्या. "तुम्ही वाचाल का?"

मधुवंती शेतांची नावं अडखळत वाचू लागली. तिसऱ्या नावाला मिस ॲशकोमनी तिचा उच्चार सुधारला आणि पुढचं नाव स्वतःच सांगितलं. मग त्यापुढचं. लांब कुरण, कावळ्यांची टेकडी, भुकेलं रान. मधुवंतीचं बोट नकाशावरून सरकत होतं आणि प्रत्येक नाव त्याच जागी सापडत होतं.

"तुम्ही तिथे राहिला होतात?"

"कधीच नाही. लहानपणी झोपताना वडील म्हणायचे, रोज. मला वाटायचं, ते मनानेच रचतात."

मधुवंती हातमोजे पुढे करणार होती, पण थांबली. मिस ॲशकोमचा उघडा हात तिने धरला आणि त्यांचं बोट अलगद कातड्यावर टेकवलं.

"ही नदी," ती म्हणाली.

मिस ॲशकोमनी डोळे मिटले आणि बोट हळूहळू प्रवाहाबरोबर पुढे नेलं, वाडा मागे टाकून, कडेच्या शेतापर्यंत.