गुरम्माचा डावा हात

सिद्धेश्वरी सोलापूरहून आली ती घरी न जाता थेट तुरीच्या रानात. इंटरव्ह्यूचा नवा ड्रेस अंगावर तसाच, आणि कुणी सांगायच्या आत हातात विळा. गुरम्मानं लेकीकडं एकदा पाहिलं आणि काय ते ओळखलं. लॅब टेक्निशियनची नोकरी लागलेली पोर काही आल्या आल्या तूर कापायला लागत नाही.

पोरगी रक्त तपासायला शिकली ते कॉलेज म्हणजे कापडदुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या. फळ्यावर हाताचं चित्र काढायचं आणि शीर कुठं ते दाखवायचं, एवढीच तिथली विद्या. दवाखान्यात नेऊ नेऊ म्हणाले, नेलं कधीच नाही. मग सिद्धेश्वरी सुया घेऊन घरी यायची आणि दर रविवारी गुरम्मा चुलीपुढं बसून डावा हात पुढं करायची. उजवा कामाला लागतो ना! सुरुवातीला हात काळानिळा व्हायचा, पुढं टोचलेलं कळेनासं झालं. शेजारची शिवबाई आपणहून हात द्यायला आली होती, पण गुरम्मानंच नको म्हटलं. दुसऱ्याच्या माणसाला काही झालं तर गावात तोंड कसं दाखवायचं?

"काय इचारलं तितं?"

"आतापतर किती पेशंटचं रक्त काढलंस म्हणून."

"मग?"

"एकीचंच म्हणलं. आईचं."

"अगं, पन्नास म्हणायचं की."

सिद्धेश्वरी कापत राहिली. अनुभव घेऊन या म्हणाले, एवढंच तिनं सांगितलं. गुरम्माला शिवबाईचा परतवलेला हात आठवला आणि स्वतःचीच चीड आली.

संध्याकाळी नेमकी शिवबाईच दारात. तिची लेक महेश्वरी त्याच माडीवर शिकायला लागली होती.

"गुरम्माक्का, माजी शीर काय पोरीला घावंना. तुमचा हात सवयीचा हाय, जरा बसता का?"

पोरीला काढ तिथनं, असं गुरम्माच्या अगदी ओठावर आलं होतं. पण महेश्वरी सुईचं पाकीट छातीशी धरून उभी होती. दोन वर्षांपूर्वी सिद्धेश्वरी अशीच उभी राहायची. गुरम्मा खाली बसली, बाही वर केली.

"तगो," ती म्हणाली. "घे."

महेश्वरीनं दोनदा चुकवलं. तेव्हा सिद्धेश्वरी उठली आणि तुरीनं खरचटलेल्या हातानं तिचं बोट धरून शिरेवर नेमकं टेकवलं. मग मात्र सुई जाताच रक्त झटक्यात आलं. सिद्धेश्वरीचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा जरा उजळला, आणि ते बघून गुरम्माला जास्तच वाईट वाटलं.

"शिवबाई, हिला गल्लीतल्या समद्यांचे हात दे," ती म्हणाली. "म्या चुकले. एका हातावर नोकरी मिळत न्हाय."

"गल्लीतले हात त्ये मोजत न्हाईत, अव्वा, दवाखान्यातलेच मोजत्यात," सिद्धेश्वरी म्हणाली आणि आईच्या हातावर कापूस दाबून धरला.